दार लावल्यावर जाणारी रेंज

मी ज्या कॉलेजात नेटवर्कचं काम बघतो, तिथलं मुलींचं वसतिगृह जुनं, दगडी आहे. भिंती दीड हात जाड. मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत असतं, तेव्हाही तिथल्या खोल्यांत नुसता पंखा पुरतो. मुली त्या भिंतींवर खूश असतात आणि माझ्यावर नाराज, कारण त्याच भिंतींतून ना वाय-फाय आत जातं, ना मोबाइलची रेंज.

सुरुवातीला मला वाटलं होतं, महिनाभराचं काम आहे. लॅपटॉप हातात घेऊन मी खोली न् खोली फिरलो. पुढे रेक्टर मॅडम, मागे मी. वळणावर त्या मोठ्याने ओरडायच्या, "पोरींनो, सर येऊन राहिले वं!" आणि धडाधड दारं बंद व्हायची. मग एकेक दार पुन्हा उघडून घ्यायचं, आत उभं राहून रेंज मोजायची, वहीत लिहायची. दारासमोर चांगली, पलंगापाशी अर्धी, खिडकीपाशी काहीच नाही. प्रत्येक खोलीत हेच.

उपाय सरळ होता. प्रत्येक खोलीत केबल न्यायची. पण इमारत जतन करायच्या यादीत असल्यामुळे भिंतीला भोक पाडायचं तर वारसा समितीची परवानगी लागे. एकदा तोंडी होकारावर आम्ही कारागीर लावला. त्याचा ड्रिल वीतभर आत गेला, चुन्याचा भुगा पडला आणि पुढे दगड लागून टोक मोडलं. दुसऱ्या दिवशी काम थांबवण्याचं पत्र आलं. मी पुन्हा अर्ज केला, नकाशा जोडला, स्मरणपत्रं पाठवली. फाइल कुठे आहे हे विचारायला गेलो की "वर आहे" असं उत्तर मिळे. तोवर मी व्हरांड्यात छताला वाय-फायच्या डब्या लावत राहिलो आणि मुली उंबरठ्यावर खुर्च्या टाकून अभ्यास करत राहिल्या.

अशात एप्रिलच्या शेवटी एक मुलगी माझ्या ऑफिसात आली. एमएस्सी भौतिकशास्त्राचं शेवटचं वर्ष, गाव पारशिवनीजवळ. दक्षिणेतल्या एका मोठ्या संशोधन संस्थेत तिची निवड पहिल्या फेरीत झाली होती. आता मुलाखत होती, ऑनलाइन.

"सर, मले फक्त अर्धा तास पाहिजे," ती म्हणाली. "मधात कट झालं नाही पाहिजे, एवढंच."

माझ्या कॉम्प्युटर लॅबमध्ये त्या दिवशी विद्यापीठाची ऑनलाइन परीक्षा होती. ग्रंथालय पुस्तकांच्या मोजणीसाठी बंद होतं. रेक्टरच्या ऑफिसात सतत फोन आणि पालक, माझ्या ऑफिसात क्लार्क आणि दिवसभर वर्दळ. मी म्हणालो, "तू तुझ्या रूममध्येच दे. शांत असतं. मी तुझ्या दारासमोर नवी डबी लावून देतो."

"चालेल ना पण सर?"

"चालेल. बिनधास्त राहा."

आदल्या दिवशी डबी लावली. तिच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी व्हरांड्यातून आणि ती आतून, असे आम्ही वीस मिनिटं व्हिडिओवर बोललो. चित्र एकदाही अडकलं नाही. रेक्टर मॅडम दारात उभ्या होत्या, त्याही म्हणाल्या, "टीव्हीसारखं दिसून राहिलं." मुलगी पहिल्यांदा हसली. मी समाधानाने घरी जायला कोराडीच्या बसमध्ये बसलो.

मुलाखत साडेअकराला होती. सव्वाअकरापासून मी लॅपटॉप मांडीवर घेऊन व्हरांड्याच्या टोकाला बसलो होतो. ती बाहेर आली, इस्त्रीचा पांढरा कुर्ता, केस घट्ट बांधलेले. माझ्याकडे बघून मान हलवली, आत गेली आणि तिने दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

माझ्या पडद्यावर तिची रेंज दाखवणारी रेघ खाली घसरली.

काय झालंय ते मला त्या क्षणी कळलं. काल आम्ही दार उघडं ठेवून तपासलं होतं. रेक्टर मॅडम दारात उभ्या होत्या, मी पुरुष माणूस, दार उघडं असणारच. ते दार जुन्या सागवानाचं, खालून अर्ध्यापर्यंत पत्रा मारलेलं. भिंतीतून काही जात नव्हतंच, जे जायचं ते दारातून. आणि मी तिला सांगितलंच नव्हतं की दार लावू नकोस. व्हरांड्यात पोरी सामान बांधत होत्या, ट्रंका ओढत होत्या. मुलाखतीला बसलेली कुणीही मुलगी दार लावून घेणार. हे मला सुचायला हवं होतं.

मी दारापाशी गेलो. आतून तिचा आवाज येत होता, इंग्रजीत, सावकाश, पाठ केल्यासारखा. पहिली दोन मिनिटं बरी गेली असावीत. मग ती म्हणाली, "सॉरी सर, कुड यू रिपीट?" पुन्हा तेच. मग, "ॲम आय ऑडिबल, सर? हॅलो? ॲम आय ऑडिबल?"

मी हात वर केला, पण दार वाजवलं नाही. ऐन उत्तरात असेल तर? समोरच्यांना वाटेल, हिच्याजवळ कुणीतरी आहे, सांगून राहिलं आहे. अशा मुलाखतीत खोलीत एकटंच असावं लागतं, हे तिनेच मला सांगितलं होतं. मी हात खाली घेतला. पुन्हा "हॅलो" ऐकू आलं. तेव्हा मी दार वाजवलं.

"थांब वं!" ती आतून ओरडली. कुणी मैत्रीण असेल असं तिला वाटलं.

"मी आहे. दार उघड. दारामुळे जाऊन राहिलं नेट."

कडी निघाली. दार उघडल्याबरोबर रेघ वर चढली. पण तिच्या पडद्यावर नुसती पांढरी चौकट होती. तिने पुन्हा जोडलं, तेव्हा दुसऱ्या उमेदवाराची मुलाखत सुरू झाली होती. कुणीतरी लिहिलं, थांबा, कळवतो. ती टेबलाशी थांबली. मी व्हरांड्यात थांबलो. एक वाजला, दोन वाजले. मेसच्या बाईंनी तिचं ताट झाकून ठेवलं. चारच्या सुमारास संदेश आला की मुलाखती संपल्या आहेत.

"सर, काहून झालं असं?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी सांगितलं. दार, पत्रा, काल आपण काय तपासलं आणि काय नाही तपासलं. तिने सगळं शांतपणे ऐकलं, भौतिकशास्त्र शिकलेली मुलगी, तिला समजायला वेळ लागला नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी दार नसतं लावलं तर झालं असतं."

"चूक माझी आहे," मी म्हणालो. तिने लॅपटॉप मिटला.

मी कॉलेजच्या कागदावर पत्र लिहिलं. दोष पूर्णपणे आमच्या यंत्रणेचा आहे, उमेदवाराला पुन्हा संधी द्यावी. प्राचार्यांनी सही केली. आठवड्याने दोन ओळींचं उत्तर आलं. खेद आहे, प्रक्रिया पूर्ण झाली आहे.

मेच्या मध्यावर तिचे वडील सामान न्यायला आले. ते गवंडीकाम करत. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, हाताच्या बोटांना भेगा. मी गादी उचलायला हात लावला, तर ते भिंतीकडेच बघत उभे राहिले. तळवा फिरवला, बोटाने ठोकून पाहिलं.

"काय भिंत हाय साहेब! सारा चुन्याचा माल हाय हा. आता कोण बांधते अशी?"

मी म्हणालो, "चांगली आहे."

"हिच्याच पायी पोरीचं काम हुकलं म्हनते ना?"

मी हो म्हणालो. ते मागे सरकले, दाराच्या वर बघू लागले. तिथे हवेसाठी ठेवलेला झरोका होता, कबुतरं येतात म्हणून कधीतरी फळी ठोकून बंद केलेला, वर रंग मारलेला. "अन् हे फळी काढून वायर आत घेतली असती तर? भिंतीले हात बी लावा लागत नव्हता."

मी त्या फळीकडे बघत राहिलो. तीन वर्षं त्या व्हरांड्यात फिरत होतो, त्याच दारांसमोर डब्या लावत होतो. त्यांनी टोमणा मारला नव्हता. कामातला माणूस कामातल्या माणसाला विचारतो तसं विचारलं होतं. मुलगी ट्रंकेला कुलूप लावत होती. तिने वर पाहिलं नाही.

पुढे झरोक्यांतून केबल नेण्याचा अर्ज मी दिला. फळ्या काढायला कुणाची हरकत नव्हती. दिवाळीपर्यंत सगळ्या खोल्यांत नेट पोचलं. कॉलेजच्या वार्षिक सभेत माझं कौतुक झालं. मी ऐकून घेतलं.

ती मुलगी आता गावाजवळच्या ज्युनिअर कॉलेजात शिकवते, असं रेक्टर मॅडमकडून कळलं. पुढच्या वर्षी त्या संस्थेत तिने अर्ज केला नाही. गेल्या हिवाळ्यात ती पदवीचा कागद न्यायला आली होती. मला खिडकीतून दिसली, लाल स्वेटर, हातात फाइल. तिने आमच्या क्लार्कला विचारलं, "सर आहेत का?" उठून बाहेर जायला मला दहा पावलं पुरली असती. मी सर्व्हरच्या खोलीत गेलो आणि दार ओढून घेतलं. क्लार्कने सांगितलं की सर जागेवर नाहीत. ती थोडा वेळ बाकावर बसली, मग घड्याळ बघून निघाली. तिला काय सांगायचं होतं, ते मला अजून माहीत नाही.