पिशाच्चकोशाचा चौथा भाग

अण्णा मंगळवारी सकाळी गेले. दहाव्या दिवशी पिंडाला कावळा शिवेना, आणि त्याचं कारण मला एकट्यालाच माहीत होतं.

नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही कळंबोलीत राहायचो. माझे वडील, म्हणजे अण्णा, तळोज्याच्या एका रंगांच्या कारखान्यात स्टोअरकीपर होते. तीस वर्षं त्यांनी पिंपं, गोण्या आणि बाटल्या मोजल्या. प्रत्येक वस्तूला एक कार्ड, कार्डावर आवक, जावक आणि शिल्लक. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी भुतं मोजायला घेतली.

म्हणजे झालं असं, की 'सचित्र पिशाच्चकोश' नावाची एक ग्रंथमाला तेव्हा टपालानं घरपोच यायची. एकूण बारा भाग, दोन महिन्यांनी एक. अलवंतिणीपासून हडळीपर्यंत सगळी मंडळी अकारविल्हे लावलेली. प्रत्येक भागाच्या शेवटी कागदी खिशात एक रंगीत चित्र. बारा भाग आले की बारा चित्रं, आणि ती ठेवायला शेवटी एक पेटी फुकट. अण्णांचा भुतांवर काडीचा विश्वास नव्हता. त्यांचा विश्वास सूचीवर होता. (गिऱ्हा दुसऱ्या भागात सोडून तिसऱ्यात आला असता, तर ते नक्की घाबरले असते.)

ह्या कोशाचा दुसरा वाचक म्हणजे म्हात्रेकाका. आमच्या बिल्डिंगच्या मागे त्यांचं तीन मजली घर. मूळचे खाडीकाठच्या गावातले, जमिनी गेल्या, आता भाडेकरू ठेवून निवांत. दर रविवारी ते यायचे, खुर्चीत बसून एक भाग वाचायचे आणि चुका काढायचे. गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत. कोशातल्या चित्रात तो हिरवा होता. म्हात्रेकाकांचं म्हणणं, आमच्या खाडीलगतच्या खारीत पिढ्यान् पिढ्या गिऱ्हा आहे आणि तो कुणालाही हिरवा दिसलेला नाही. अण्णा म्हणायचे, छापलंय ते अभ्यास करून छापलंय. मग दोन तास वाद. शेवटी अण्णा समासात पेन्सिलीनं लिहून ठेवायचे : 'म्हात्रे यांच्या मते काळपट.'

कोशाचा नियम एकच. कुठलाही भाग घराबाहेर जाणार नाही.

मी पनवेलच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. एकतीस वर्षांचा, अविवाहित, आणि जेवणाच्या सुट्टीत वाचायला काही नसेल तर डबा घशाखाली न उतरणारा. एका सकाळी मी चौथा भाग न सांगता पिशवीत टाकला. संध्याकाळी परत ठेवला की कुणाला कळणार होतं? कॉलेजात टेबलावर त्याच दिवशी आलेली चाळीस नवी पुस्तकं होती. चौथा भाग त्यांच्याच शेजारी ठेवून मी शिक्के मारायला बसलो. शिक्का मारताना माझा हात चालतो, डोकं चालत नाही. हातानं चाळीस पुस्तकांवर शिक्के मारले आणि न थांबता एकेचाळिसाव्यावरही मारला. पहिल्या पानावर, मधल्या पानावर, शेवटच्या पानावर. मग दाखल क्रमांक घातला. पाठीवर वर्गांकाची चिठ्ठी चिकटवली. नोंदवहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि कपाटात योग्य जागी लावून टाकलं. वडिलांचं पुस्तक मी भरदिवसा, पूर्ण पद्धतशीरपणे, कॉलेजच्या मालकीचं केलं होतं.

हे माझ्या ध्यानात आलं दोन दिवसांनी, अण्णा घरात कपाटाखाली टॉर्च मारत होते तेव्हा. मी कॉलेजात धावलो. पुस्तक एका विद्यार्थ्यानं नेलं होतं. तो पुढच्या आठवड्यात कॉलेज सोडून मामाकडे दुबईला गेला. चौथा भागही बहुतेक दुबईला गेला. मी प्रकाशकांना पत्र लिहिलं. उत्तर आलं की सुटे भाग मिळत नाहीत.

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण तोवर अण्णांनी चौकशी पूर्ण केली होती. घरात येणारा बाहेरचा वाचक एकच. कोशाच्याही प्रत्येक भागाला त्यांनी कार्ड केलं होतं; चौथ्याच्या कार्डावर लिहिलं : 'म्हात्रे यांच्याकडे (?)'. त्या रविवारी त्यांनी म्हात्रेकाकांना कार्डच दाखवलं. म्हात्रेकाका चहा अर्धा टाकून उठले. त्यानंतर आठ महिने दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. खिडकीतून एकमेकांकडे बघायचे आणि पडदा ओढायचे. आता सांगितलं तर दोघांची माफी मागावी लागणार, ह्या हिशेबानं मी रोज उद्यावर ढकलत राहिलो. मग अण्णा आजारी पडले. सोमवारी संध्याकाळी दवाखान्यात त्यांनी मला जवळ बोलावून विचारलं, "चौथा मिळाला का रे?" मी म्हणालो, "मिळेल." मंगळवारी ते गेले.

तर दहावा दिवस. खाडीकाठचा घाट, गुरुवारची सकाळ. आमच्याकडे बायकाही घाटावर येतात, त्यामुळे आई, ताई, साताऱ्याहून आलेली आत्या, शेजारपाजारचे, कारखान्यातले जुने लोक, असे चाळीसएक जण होते. म्हात्रेकाकाही आले होते, पण सगळ्यांत मागे, पाठमोरे उभे. मी डोकं तुळतुळीत करून ओल्या पंच्यात थंडीनं कुडकुडत होतो. पिंड मांडले, सगळे लांब सरकले, आणि वाट बघणं सुरू झालं.

कावळे नव्हते असं नाही. समोरच्या बाभळीवर आठ-दहा होते. पण आमच्या आधी सकाळपासून तिघांचे दहावे झालेले, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर पंगतीतून उठल्याचे भाव होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली. एक कुत्रा आला, त्याला दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, हाकललं. गुरुजी घड्याळ बघायला लागले. त्यांना पुढे खांदा कॉलनीत जायचं होतं.

मग नेहमीप्रमाणे शोध सुरू झाला की अण्णांचं मन कशात अडकलंय.

आत्या सर्वांत आधी पुढे झाली. माझ्याकडे बोट दाखवून तिनं बाभळीला सांगितलं, "दादा, ह्येचं लगीन मी लावती. ह्याच वैशाखात. पोरगी हाय माझ्या बघण्यात." कुणी मला विचारलं नाही. ओल्या पंच्यातल्या माणसाला आक्षेप घेता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. एका कावळ्यानं मान वाकडी केली. सगळ्यांनी श्वास रोखला. त्यानं पंख साफ केले.

दाजींनी गावची जमीन विकणार नाही असं कबूल केलं. (ती विकायचा विचार आहे, हे आम्हांला तेव्हाच समजलं.) ताईनं आईला दरवर्षी देवदर्शनाला नेण्याचं वचन दिलं. कारखान्यातल्या एका गृहस्थांनी स्टोअरची कार्डं कधीही बंद होणार नाहीत अशी कंपनीच्या वतीनं ग्वाही दिली. कावळे ढिम्म. तेवढ्यात दाजींना आठवलं, की अण्णांची स्कूटर जावयानं वापरावी अशी त्यांची फार इच्छा होती. हे ऐकल्यावर पुढच्या फांदीवरचा कावळा उडाला आणि दोन झाडं मागे जाऊन बसला. दाजी पुन्हा काही बोलले नाहीत.

पाऊण तास झाला. गुरुजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ, शास्त्रात त्याची सोय आहे. मी लगेच मान डोलावली. सोय असलेलं शास्त्र मला नेहमीच आवडतं.

तेव्हा आई पहिल्यांदा बोलली. "दर्भाचा नको," ती म्हणाली. "ते काहीतरी मागतायत आणि आपल्याला कळत नाहीये. मी अशीच घरी गेले तर मला घास गिळवायचा नाही."

दहा दिवसांत तिनं धड काही खाल्लं नव्हतंच. मी तिच्याकडे बघितलं आणि मला कळलं की आता उद्या नाही. आजच काय ते.

मी पुढे गेलो आणि पिंडापाशी वाकून पुटपुटलो.

"मोठ्यानं बोल की," आत्या मागून म्हणाली. "त्येला उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं."

मग मी मोठ्यानं बोललो. आयुष्यात कधी चार माणसांत तोंड न उघडलेला मी, चाळीस माणसांसमोर, गोटा केलेल्या डोक्यानं सांगत होतो, की अण्णा, पिशाच्चकोशाचा चौथा भाग मी नेला. न विचारता नेला. त्यावर कॉलेजचा शिक्का मी मारला. तो आता दुबईला आहे. म्हात्रेकाकांनी काहीही घेतलेलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो.

गुरुजींनी मला हळूच विचारलं, "कुठला कोश?" ताई तोंडाला पदर लावून हसत होती की रडत होती, ते कळेना. आई माझ्याकडे बघत राहिली.

आणि कावळा आला नाही.

एवढी अब्रू घालवून कावळा आला नाही! मी कपाटापुढे उभा राहून चुकीचं पुस्तक काढल्यासारखा परत फिरलो. तेवढ्यात गर्दीतून म्हात्रेकाका पुढे आले. त्यांनी चपला काढल्या, पिंडासमोर उभे राहिले आणि घसा खाकरला.

"अन्ना," ते म्हणाले, "चौथा मी नाय नेला. पन दुसऱ्या भागातला गिऱ्ह्याचा फोटू मीच नेलाय. माज्या घरान हाय."

मी दचकलो. दुसऱ्या भागाचा कागदी खिसा रिकामा आहे, हे अण्णांच्यासुद्धा लक्षात आलं नव्हतं. म्हणजे त्यांचा संशय खोटा नव्हता, फक्त भाग चुकला होता. आठ महिने म्हात्रेकाका रागावले नव्हते, घाबरले होते. फोटो नातवंडांना दाखवायला नेला होता, परत ठेवणार होते त्याच रविवारी अण्णांनी कार्ड पुढे केलं, असं त्यांनी पिंडाला सविस्तर सांगितलं. उद्या आणून खिशात घालीन असा शब्द दिला. नमस्कार केला. वळले. दोन पावलं गेले आणि त्यांना राहवलं नाही. परत फिरून ते म्हणाले, "पन कलर चुकलाय, अन्ना. आजून सांगतो. गिऱ्हा हिरवा नसतो."

दोन झाडं मागचा कावळा उठला, सरळ खाली आला आणि पिंडावर चोच मारली. एकदा नाही, तीनदा.

"वाद घालायला आले," आई म्हणाली आणि दहा दिवसांत पहिल्यांदा हसली.

घाटावरच्या चाळीस माणसांनी एकदम सुस्कारा सोडला. कावळ्याला भूक लागायला पाऊण तास लागतो, असंही असेल. मी त्यावर पुस्तकात काही शोधलं नाही. त्या दुपारी आई दोन पोळ्या जेवली आणि संध्याकाळपर्यंत गाढ झोपली. माझ्या छातीवरून काहीतरी उतरलं होतं; इतकं, की दुसऱ्या दिवशी म्हात्रेकाका फोटो घेऊन आले तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं. त्यांनी पाठ थोपटली आणि विचारलं, बाकीचे अकरा भाग तरी घरात आहेत ना.

आत्यानं शब्द पाळला. कावळ्यासमोर ठरलेलं लग्न मोडायची माझी काय टाप होती? मुलगी खरंच चांगली होती, वाचणारी होती, आणि दहाव्याची सगळी हकीकत तिला आत्यानं सुपारी फुटायच्या आधीच सांगितली होती.

अण्णांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. कोशाचे अकरा भाग माझ्याकडे आहेत. शिवाय घरात बायकोचं पुस्तकांचं एक कपाट आहे. त्याला कुलूप असतं आणि किल्ली माझ्याकडे नसते.