काळ्या चौकटीतली उमेदवार

“जिवंत बाईचा फोटो, भोवती काळी चौकट, आणि चिकटवला कुठे, तर बेकरीसमोरच्या खांबावर! गावातल्या मेलेल्यांच्या मृत्युपत्रकांच्या रांगेत!” सासूबाई स्टोयांका भाजलेल्या मिरचीची साल अशी ओढत होत्या, की जणू सुनेचीच सोलताहेत.

“आई, चौकट उठून दिसते म्हणून...” झागोर्का पुटपुटली.

“दिसली ना! सकाळपासून सातजण कॉफीचे पुडे घेऊन सांत्वनाला आले.”

“आठ,” नवरा मिओद्राग हसू दाबत म्हणाला. “आठव्याला दार हिनंच उघडलं. बिचारा पायरीवरच बसला.”

ते आठहीजण परत गेलेच नव्हते. अंगणात बसून आयवर चटणीसाठी भाजलेल्या गोड्या मिरच्या आणि राकियाची दारू चापत होते.

चूक झागोर्काचीच होती. गावच्या साप्ताहिकात तिनं तेवीस वर्षं काढली. आधी बाजारभाव, मग मृत्युवार्ता, मग नळाच्या गढूळ पाण्यावर लेखांमागून लेख. शेवटी साप्ताहिक बंद पडलं. पाणी गढूळच राहिलं. तेव्हा ती निवडणुकीला उभी राहिली. पण पत्रक जुळवताना हात सवयीनं चालला: मध्ये फोटो, खाली नाव, जन्मसाल आणि त्यापुढे एक आडवी रेघ. वर क्रॉस तेवढा नव्हता.

“गाव हसतंय. पाचपर्यंत मुदत आहे, नाव मागे घे,” सासूबाईंनी बजावलं.

झागोर्का चुलीमागे बसून मिरच्या सोलू लागली. हसं झालेल्या बाईला मत कोण देणार?

इतक्यात फाटक वाजलं. नगराध्यक्ष ल्युबिशा आत आले. काळा टाय, हातात मेणबत्ती. चुलीच्या धुरात त्यांना फक्त मिओद्राग दिसला. त्यांनी त्याचा हात घट्ट धरला.

“मिओ, जन्मभर भांडली रे माझ्याशी. पण एक अक्षर खोटं लिहिलं नाही. पाण्याचं तिचंच खरं होतं.”

धुरामागून झागोर्का उठली. हात कोपरापर्यंत लाल.

“जरा मोठ्यानं, ल्युबिशा. मागच्यांना ऐकू आलं नाही.”

मेणबत्ती खाली पडली. अंगण खो खो हसत सुटलं. सासूबाईंनीही एप्रनला तोंड पुसायच्या निमित्तानं हसून घेतलं, आणि नगराध्यक्षांपुढे राकियाचा पेला सरकवला. “घ्या. मेलेल्या माणसाच्या घरून तसंच जायचं नसतं.”

झागोर्कानं पुढची मिरची उचलली.

“नाव राहील, चौकटही राहील,” ती घरच्यांना म्हणाली. “मिओ, उद्या आणखी शंभर छापून आण.”