सुट्टी बाधणारा माणूस

सिंदीच्या जिनिंगमध्ये रेच्यात, म्हणजे सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात, कापूस टाकणारा तो माणूस मला शाळेत शिकवायला जाताना रोज चहाच्या टपरीवर भेटायचा. भुवयांवर रुई, मुठीत गुळाचा खडा. छातीतली धूळ उतरावी म्हणून गूळ मुकादमच वाटायचा.

"मले सुट्टी बाधते, गुरुजी," हे त्याचं ठरलेलं वाक्य. बाजाराच्या दिवशी सुट्टी घेतली की दुसऱ्या दिवशी कामावर त्याची छाती हटकून आवळायची. म्हणून त्यानं सुट्टीच सोडली, आणि मुकादमानं त्याची पाठ थोपटली!

माझं डोकंच फिरलं. "अरे, सुट्टी नाही, धूळ बाधते तुला! श्वासनळीतली बारीक लव धूळ वर लोटून लोटून थकली आहे. एक दिवस छाती मोकळी होते, आणि परत धूळ शिरली की शरीर तिच्याशी भांडायला उठतं."

"भांडू द्या ना जी," तो हसता हसता खोकला. "मुकादमाशी तर नाई भांडत!"

मी खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याच्या नाकातोंडावर बांधला. "सोडलास तर याद राख!"

दुसऱ्या दिवशी मुकादमालाच फैलावर घ्यायला मी जिनात गेलो. तो दाराशी नाकाला रुमाल लावून उभा होता. आत हा उघड्या तोंडानं खोकत कापूस टाकत होता. माझा दुपट्टा पिण्याच्या पाण्याच्या रांजणावर ताणून बांधलेला.

"का सोडलास?" मी खेकसलो.

"पाण्यात रुई पडून राह्यली होती, गुरुजी. साऱ्यायच्या पोटात जाते ना!"