मोठ्याचं नाव

आमच्या गावात, टेकडी दिसते तिथवर, कोणी वाघाचं नाव घेत नाही. नाव घेतलं की तो येतो, असं मानतात. 'मोठा' म्हणायचं. 'काल मोठा बोडीवर पाणी पिऊन गेला,' एवढं म्हटलं की त्या दिवशी गुरं त्या तळ्याकडे जात नाहीत. मी तुमसरला शिकायला गेलो आणि या गोष्टीला हसायला लागलो.

डी.एड. करून घरी बसलो होतो, तेव्हा त्या टेकडीत मँगनीजची खाण काढायचं ठरलं. टेकडी अभयारण्याला लागून, त्यामुळे मंजुरीसाठी आधी पर्यावरणाचा अहवाल हवा. अहवाल करणाऱ्यांना गावातून फॉर्म भरून आणणारा, इथली बोली समजणारा माणूस पाहिजे होता. मी लगेच हो म्हटलं. माझं अक्षर चांगलं होतं आणि त्याची मला घमेंडही होती.

दिवस मोहाचे. सकाळी घरात कोणी सापडेना, कारण सगळ्या बाया टेकडीवर फुलं वेचायला गेलेल्या. मग मी फॉर्म घेऊन झाडांखालीच गेलो. मोठी माय, म्हणजे माझी चुलती, टोपली घेऊन बसली होती. माझी आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. मी फॉर्मवरचा प्रश्न जसाच्या तसा खणखणीत आवाजात वाचला. गेल्या वर्षभरात या भागात वाघ दिसला आहे काय? होय की नाही?

तिचा हात थांबला.

"काहून पुसून राहिला इथं?"

"फॉर्ममध्ये आहे. मागच्या महिन्यात तूच त सांगत होती."

"नाही म्हटलं ना. लिव नाही. अन् जाय इथून."

बाकीच्या बायांनीही माना हलवल्या. लोक सांगतील तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, असं अहवालवाल्या साहेबांनी बजावलं होतं. मी चौकटीचौकटीत वळणदार 'नाही' लिहीत गेलो. आदल्याच आठवड्यात बोडीच्या चिखलात पंजे मी स्वतः पाहिले होते. 'मोठा आला होता का?' एवढं विचारलं असतं तरी त्यांनी त्याची वाट, वेळ, सगळं सांगितलं असतं. पण मी शिकलेला ना, दीडशहाणा. गावाच्या पायावर धोंडा पडला तो माझ्या हातून.

जनसुनावणी शाळेच्या मैदानात झाली. मंडप घातला होता, भंडाऱ्याहून साहेब आले होते. टेकडीवरचं पाणी बोडीत येतं, बोडीवर आमचं धान आहे, खाण नको, असं लोकांनी सांगितलं. साहेब ऐकत राहिले. मग मागून कोणीतरी म्हणालं, तिथं मोठा राहते.

साहेबांनी अहवाल उघडला. "तुमच्याच गावानं लिहून दिलंय, इथे वाघ नाही. आता हा मोठा कोण?"

खुर्च्यांवरचे दोघे-तिघे हसले. गावाने माझ्याकडे पाहिलं. फॉर्म कोणी भरले ते सगळ्यांना माहीत होतं. मी उठून खरं सांगायला हवं होतं. उठलो नाही. साहेबांसमोर धीर झाला नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

उठली मोठी माय. मंडपाच्या कडेतून टेकडी दिसत होती. तिने एकदा तिकडे पाहिलं, डोक्यावरचा पदर नीट केला.

"साहेब, वाघ आहे."

उभ्या जन्मात मी तिच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता.

"वाघ आहे. मी सोता पायला. त्या दिवशी नाही म्हटलं, कारन त्याच्याच घरात बसून होतो आमी."

"बरं बरं, नोंद घेतो," साहेब म्हणाले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

काही महिन्यांनी मंजुरी आली. टेकडीच्या पायथ्याला तारेचं कुंपण पडायला लागलं. पुढच्या वर्षीही मोह आला, कुंपणाबाहेरच्या झाडांखाली बाया गेल्या. मोठी माय घरीच राहिली. नाव घेतलं, आता कोणत्या तोंडानं त्याच्या घरी जाऊ, म्हणाली. मी समजावलं, रागावलो. ती अंगणात शेजारणीचा मोह वाळताना बघत बसायची.

सुनावणीच्या इतिवृत्ताची प्रत मी भंडाऱ्याला खेपा घालून मिळवली. त्यात तिच्या वाट्याला एक ओळ होती : एका महिलेने वन्यप्राण्यांबाबत शंका व्यक्त केली. समोरच्या रकान्यात उत्तर : सर्वेक्षणात आढळ नाही. वाघ हा शब्द सगळ्या इतिवृत्तात कुठेच नव्हता.

तिला वाचता येत नाही. कागद हातात घेऊन तिने उलटासुलटा पाहिला.

"मी म्हटलं थे लिवलं ना रे बापू?"

"हो."

"त्याचं नाव घेऊन?"

"हो. नाव घेऊनच."

तिने कागद मला परत दिला.

"मंग माहा मोह गेला त जाऊ दे," ती म्हणाली.