ज्याचं सोंग त्याच्या दारात

प्रणवचा गेटपास त्या सकाळी मशीनवर लागलाच नाही. लाल दिवा लागला, मशीन ओरडलं, मागची माणसं त्याला ओलांडून पुढे गेली आणि माझा मुलगा हातात डबा धरून बोईसरच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर उभा राहिला. सुपरवायझरने त्याला बाजूला घेऊन सांगितलं, शेठना फोन कर, माझ्या हातात काही नाही. शेठ म्हणजे खंडेराव. कारखान्याला कंत्राटी माणसं पुरवतात, बेटेगावला बंगला आहे आणि कुठलीही निवडणूक लागली की उभे राहतात. प्रणवने फोन केला. पलीकडून एवढंच आलं, "तुझ्या वडलांना सांग, व्हिडिओवर माफी मागा. उद्या संध्याकाळपर्यंत. मग पासचं बघू."

ते वडील म्हणजे आमचे हे. बळवंत नाव. शिरगावात आमची वाडी आहे, नारळ-सुपारी आणि मधे पानवेली. लोकांना वाटतं आमचं घर वाडीवर चालतं. चालतं खरं, पण हे स्वतः चालतात ते मतांवर. मत नाही असा विषय यांना अजून भेटायचा आहे. हातात कोयता असो नाहीतर चहाचा कप, तोंड सुरूच. फोनबद्दल म्हणतात, "याला जगातलं सगळं कळतं, मग खाली पडला की आपल्याला का उचलायला लागतो?" सकाळी सकाळी गुलाबाची चित्रं पाठवणाऱ्यांबद्दल म्हणतात, "रस्त्यात भेटला की मान फिरवतो, आणि फोनवर मला सुप्रभात करतो." प्रणवने एकदा त्या नव्या बोलणाऱ्या मशीनला पानवेलीच्या रोगाबद्दल विचारून दाखवलं. यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हुशार हाय. आता त्याला सांग, शिडी घे आणि ये."

मी मालिका बघायला बसले की यांनी पाठीमागे उभं राहायचं. "या बायका झोपताना पण एवढे दागिने घालतात, यांच्याकडं चोर कसा येत नाय गं?" राजकारणाचं तर विचारूच नका. "पूर्वी मत मागायला कोन आला की मी आधी चहा टाकायला सांगायचो. आता आधी पक्ष विचारतो. चहा उकळेपर्यंत बदलला तर साखर फुकट." लोक हसतात. मीही हसते, पण घरात राहून या माणसाला ऐकणं काय असतं ते मलाच ठाऊक.

या सगळ्याला वर्षातून एक दिवस मोकळं रान असतं, तो धुळवडीचा. आमच्या आळीत त्या दिवशी सोंगं निघतात. कुणी बाई होतो, कुणी साधू, कुणी अस्वल. आमचे हे माणसं करतात. खरी माणसं, गावातलीच. तलाठी, सोसायटीचा चेअरमन, एकदा तर माझा सख्खा भाऊ. त्याच्याच दारात जाऊन त्याचीच चाल, त्याचाच आवाज. तो दारात उभा राहून ऐकतो, उलट चार शब्द सुनावतो, मग हसून सोंगाला नारळ नाहीतर नोट देतो. त्या देण्याला पोस्त म्हणतात. पोस्त हातात पडली की विषय संपला, वर्षभर कुणी तो काढायचा नाही.

या वर्षी आळीतल्या पोरांनी यांना भरीला घातलं. काका, गावातल्यांचं तेच तेच झालं, खंडेराव करा, क्लिप चालेल. ते आमच्या गावचे नाहीत. घाटावरून कामाला आले, बोईसरला स्थिरावले, मोठे झाले. त्यांना आमची सोंगं माहीत असायचं कारण नाही. पण यांना चढवायला फार लागत नाही. यांनी सुपारीच्या विरीचा, म्हणजे गळून पडलेल्या झावळीच्या रुंद देठाचा, फोन केला, तो काठीला बांधला, माझ्या जुन्या साड्या फाडून रंगीबेरंगी उपरणी केली आणि चौकात उभे राहिले. दोन पावलं चालायचं, विरीत बघून स्वतःचा फोटो काढायचा, उपरणं बदलायचं आणि लोकांना विचारायचं, "मी आता कुणाचा हाय? कुणाला आठवतं का?" लोक लोळले. पोरांनी क्लिप टाकली. ती शिरगावातून पालघरला गेली, पालघरातून बोईसरला, आणि वैतरण्याला दिलेल्या माझ्या बहिणीने मला फोन करून विचारलं, हे भावजीच ना?

तेव्हा मी फुशारकीने हो म्हणाले होते. आता प्रणव घरात बसून भरलेल्या डब्याकडे बघत होता.

"पुढल्या महिन्यात मला पर्मनंट करनार होते, बाबा," तो म्हणाला. एवढंच. सून बाळंतपणाला माहेरी गेलेली, तिला अजून काही सांगितलं नव्हतं.

हे आधी उडवून लावायला गेले. "शिमग्याच्या सोंगाची माफी? मग होळीचा धूर डोळ्यांत गेला म्हणून पण माफी मागतो. आणि ती मागायची कशी, फोन उभा धरून का आडवा?"

मी हातातलं ताट ओट्यावर आपटलं. "एक अक्षर बोलू नका. जीभ तुमची आणि भोगायचं पोरानं? मागा माफी. हात जोडा, कान धरा, काय करायचं ते करा. माझ्या पोराचा पास चालू झाला पायजे."

यावर ते गप्प झाले. यांचं गप्प होणं मला बोलण्यापेक्षा जास्त भीती घालतं. वाडीत गेले आणि विहिरीच्या कठड्यावर बसून राहिले. जेवायला हाक मारली तरी आले नाहीत. आले तेव्हा ऊन उतरलं होतं.

"माझं चुकलं, सुलू."

मला हायसं वाटलं. प्रणवने फोन काढलासुद्धा.

"सोंग नाय चुकलं. जागा चुकली. ज्याचं सोंग त्याच्या दारात, हे मला बापानं शिकवलं. तो समोर पायजे, त्याला उलट बोलता आलं पायजे. मी त्याच्या पाठीमागं केलं. ते सोंग नाय, ती चहाडी झाली." असं म्हणून ते माळ्यावर चढले आणि ती उपरणी नि ती काठी घेऊन खाली उतरले. "उद्या बेटेगावला जातो. त्याला समोर करून दाखवतो."

मी कपाळाला हात लावला. आगीत पडलेलं पोर काढायला सांगावं तर हा माणूस रॉकेल घेऊन निघाला. मी रडले, भांडले, शेवटी म्हणाले, मग मीपण येते. मनात होतं की यांनी तोंड उघडायच्या आत खंडेरावांच्या बायकोचे पाय धरायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं रिक्षाने निघालो. यांनी तोंडाला रंग घरीच फासला होता. पालघरच्या बाजारात लोक रिक्षात डोकावून बघत होते आणि मी पदर तोंडावर ओढून बसले होते. रिक्षावाल्याने आरशात बघून विचारलं, "चाचा, शूटिंग है क्या?"

"हां, सीरियल का," हे म्हणाले. "सास आज मरनेवाली है. पर मरेगी अगले महीने."

तो हसला. प्रणव हसला नाही. तो बाहेर बघत होता आणि बोटांनी खिशातला पास दाबत होता. मला त्या क्षणी या माणसाचा इतका राग आला की काय सांगू.

खंडेराव पडवीत झोपाळ्यावर बसले होते. आजूबाजूला खुर्च्यांवर त्यांची माणसं. त्यांची बायको कुठे दिसेना, म्हणजे माझा बेत तिथेच बारगळला. यांचा रंगवलेला चेहरा बघून खंडेरावांनी नुसता हात हलवला. माणसांनी फोन काढून वर धरले.

"बोला," खंडेराव म्हणाले.

"फोन खाली ठेवायला सांगा. मी माफी मागायला नाय आलो."

प्रणव हलकेच म्हणाला, "बाबा, नको."

"मग कशाला आलात?"

"तुमचं सोंग केलं आणि तुमालाच दाखवलं नाय. आमच्यात ते बसत नाय. आधी बघा. मग शिव्या द्या, हाकलून द्या, ते मी ऐकून घेईन. पन पोराचा यात संबंध नाय."

खंडेरावांनी बोटाने खूण केली आणि फोन खाली गेले.

यांनी सोंग केलं. सगळं केलं, काही गाळलं नाही. चौकात याच सोंगाला लोक लोळत होते, इथे पंख्याचा आवाज येत होता. एक माणूस तोंडावर रुमाल धरून खोकल्यासारखं करत होता, पण तो खोकला नव्हता. मी खंडेरावांच्या तोंडावर डोळे लावून बसले होते. त्यावर काहीच हलत नव्हतं. शेवटचं उपरणं गळ्यात टाकून हे थांबले. दम लागला होता, कपाळावरचा रंग घामाने ओघळत होता. "मी आता कुणाचा हाय?" त्यांनी विचारलं, तेसुद्धा थेट त्यांच्या डोळ्यांत बघून.

"एक पक्ष राहिला," खंडेराव म्हणाले.

"साडी पुरली नाय."

मला वाटलं आता ते हसतील. ते हसले नाहीत. "बळवंतराव, मला लोक तोंडावर याहून वाईट बोलतात. निवडणुकीला उभं राहायचं तर कातडी जाड लागते. माझा राग माझ्यासाठी नाही." ते आत वळून म्हणाले, "प्रतीक्षा, बाहेर ये."

एक मुलगी दाराशी आली. त्यांची नात. पालघरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला. केस विंचरलेले नव्हते आणि डोळे सुजलेले.

"सांग त्यांना," खंडेराव म्हणाले.

ती सांगायला तयार नव्हती. मग एकदम बोलली. "मी वर्गात गेले की मुलं एकमेकांचे रुमाल गळ्यात घालतात आणि मला विचारतात, आज तू कुणाची? कँटीनमध्ये पण, बसस्टॉपवर पण. ज्यांना मी ओळखत नाही तेपण विचारतात."

"आता कॉलेजला जायचंच बंद केलंय तिने," खंडेराव म्हणाले.

यांचा चेहरा मी इतकी वर्षं बघतेय, पण असा कधी बघितला नव्हता. गळ्यातली उपरणी त्यांनी एकेक करून काढली आणि खाली ठेवली.

"पोरी, तू माझ्या मनातपन नव्हतीस गं."

"क्लिपमध्येपण नव्हते. तरी मीच सापडले."

"माझं चुकलं."

"इथे बोलून काय होणार?" ती म्हणाली. "ते इथे नाहीत. ते फोनमध्ये हसतात."

यांनी खाली पडलेलं एक फडकं उचललं आणि तोंडावरचा रंग खसाखसा पुसला. पुरता निघाला नाही. "काढ तुझा फोन. तूच धर."

तिने धरला. यांना बोलायला शब्द शोधावे लागताहेत हे मी पहिल्यांदा पाहिलं. "मी शिरगावचा बळवंत. ते सोंग माझं, जीभ माझी. ही मुलगी त्यात कुठं नाय. तिला छळता ते माझ्यामुळं झालं, त्याची मला लाज वाटते. पोरांनो, कुणाला हसायचंच असेल तर माझ्या दारात या. मी बाहेर येतो." ते थांबले. आणखी काही येईल म्हणून ती वाट बघत राहिली. काही आलं नाही.

"मला पाठव तो," खंडेराव म्हणाले. "आपल्या पेजवर टाकू."

"नाही आबा." तिने फोन छातीशी धरला. "तुम्ही त्याला गाणं लावाल आणि वर तुमचा हात जोडलेला फोटो टाकाल. हा माझा आहे."

रुमालवाल्याला या वेळी खोकला आवरला नाही. खंडेरावांनी त्याच्याकडे एकदा बघितलं आणि तो उठून बाहेर गेला. मग ते नातीकडे बघत राहिले. मला वाटलं ते तिच्या हातातून फोन ओढून घेणार. त्यांनी पायाने झोपाळा थांबवला आणि म्हणाले, "बरं. जा आत." आणि प्रणवकडे न बघता, "उद्या ये कामावर. पास लागेल."

मी त्यांच्यासमोर हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलंही नाही. प्रणव फाटकाबाहेर जाऊन रिक्षा बघायला लागला. हे उपरण्यांचं गाठोडं काखेत मारून रस्त्याच्या कडेला उभे होते. कानामागे अजून लाल रंग होता. समोर खंडेरावांचा मोठा बॅनर होता, जुन्या पक्षाच्या नावावर नवं नाव चिकटवलेला, आणि एक कोपरा वाऱ्याने सुटून फडफडत होता. एरवी त्यावर या माणसाने रिक्षा येईपर्यंत सगळ्या रस्त्याला हसवलं असतं. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"सुलू," ते म्हणाले, "ती पोर जाईल का गं उद्या कॉलेजला?"

माझ्या पोराचा पास चालू झाला होता. मला त्या आनंदात सहज हो म्हणता आलं असतं. पण खरं म्हणजे मला माहीत नव्हतं.