वर न जाणारा गियर

काही मोटरसायकलींचा गियर पंजाने वर उचलावा लागतो. घाटंजीत गॅरेज चालवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, पण त्यासाठी पायात ताकद लागते हे कधी ध्यानातही आलं नव्हतं. चाळिशीत एके दिवशी तो उचललाच जाईना. मी गिऱ्हाइकाची गाडी खोलली, लिव्हर काढला, साफ केला, पुन्हा बसवला. तरी तेच. गिऱ्हाईक स्वतः चौकापर्यंत फेरी मारून आला आणि म्हणाला, "गाडी तं मस्त चालून राह्यली. तुमाले काय झालं?"

मला राग आला, त्याचा नाही, गाडीचा. आणखी दोन-तीन गाड्या उगाच खोलल्यावर कळलं, बिघाड माझ्या पायात होता. त्याच सुमारास चालताना डावी चप्पल मागेच राहायची आणि मला पुढे गेल्यावर कळायचं. तेव्हा मी बायकोवर ओरडायचो, "अशी ढिली चप्पल कायले आणतं?"

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून सांगितलं, स्नायूंचा आजार आहे, जन्मापासून अंगात असतो, दिसतो मोठेपणी, आणि बरं करणारं औषध नाही. हाच आजार जपानमध्ये आहे, इराणकडच्या यहुदी घराण्यांत आहे. जनुक एकच, फक्त त्यात झालेली चूक प्रत्येक ठिकाणच्या लोकांत वेगळी. माझ्यातली चूक राजस्थान-गुजरातकडच्या लोकांत सापडते म्हणे. आमचे पणजोबा मारवाडातून आले, अंगावरच्या कपड्यांनिशी, असं घरात सांगतात. म्हणजे एवढं मात्र बरोबर आणलं होतं.

आई आणि बाप, दोघांकडून चूक आली तरच आजार होतो. माझे अम्मी-अब्बा चुलत भाऊबहीण. आजारी माणसाच्या प्रत्येक लेकराकडे त्यातली एक चूक जातेच. एकीने काही बिघडत नाही. पण जोडीदाराकडेही तीच निघाली, तर त्यांच्या पोरांचे पाय धोक्यात.

आणि माझ्या लेकीचं लग्न ती पाळण्यात असतानाच ठरलेलं, माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाशी. आमच्यात घरची मुलगी घरातच देतात. दोघं एकमेकांवर जीव टाकतात. मोडावं तर बहीण तुटणार, लेक रडणार, आणि आमच्या रक्तात खोट आहे हे गावभर होणार. गप्प बसावं तर नातवंडांसमोर कोणत्या तोंडाने बसायचं? मी पुरता कोंडलो होतो. एकच फट होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, भाच्याची तपासणी करा, त्याच्यात चूक नसेल तर खुशाल लग्न लावा. त्या 'नसेल'वर मी कित्येक महिने काढले.

शेवटी तपासणीचं बोलायला बहिणीला बोलावलं. ती ढाणकीहून मिठाई घेऊन आली. मी गॅरेजच्या दारात स्टुलावर बसलो होतो. ती रस्ता ओलांडून हसत येत होती, एक पाय अनवाणी. चप्पल मागे रस्त्यातच पडली होती, आणि तिला पत्ता नव्हता.

"तुझी चप्पल," मी म्हणालो.

"अगं बाई!" ती मागे जाऊन घेऊन आली. "पाह्य ना भाईजान, नवी हाय, तरी निंगून जाते. जरा पट्टा कसून दे. अन् सांग, तारीख काढाले बोलावलं ना?"

भाच्याची तपासणी करायची आता गरजच उरली नव्हती.

मी चप्पल हातात घेतली. पट्टा घट्ट होता. तरी मी तो ओढून पाहत राहिलो, कारण मान वर केली असती तर तिला सांगावं लागलं असतं.