अंजनाबाईंचे कूलर आणि सदोष मीटर

अंजनाबाई आमच्या कचेरीत रोजंदारीवर होत्या. कचेरी चंद्रपुरातली, विजेचाच कारभार पाहणारी. मी तिथे आवक-जावकचा कारकून. उन्हाळाभर अंजनाबाईंचं एकच काम असे. चौदा कूलरांत पाणी भरायचं, वाळ्याच्या ताट्या ओल्या ठेवायच्या आणि आतलं पाणी वर चढवणारा एखादा टुल्लू पंप अडला तर त्याला दोन थापा मारायच्या. त्या ब्रह्मपुरीकडच्या, तळ्यात मासे धरणाऱ्या घरातल्या. कोणाला किती गारवा सोसतो, हे त्यांना तोंडपाठ होतं.

२००३ मध्ये नवी इमारत झाली. समोरून काच, खिडक्या स्क्रूने पक्क्या बंद, आत सेंट्रल एसी. पंखे लावलेच नाहीत. एसीच्या इमारतीत पंखा म्हणजे म्हणे अडाणीपणा. कूलर भंगारात गेले आणि अंजनाबाईंच्या हाती झाडू आला.

आमचे साहेब गुणवंतराव मे महिन्यातही कोट-टाय घालत. त्यांच्या कोटाला सोसेल ते तापमान सगळ्यांसाठी ठरलं: अठरा. बाहेर सत्तेचाळीस. आठवड्यात ट्रंकांमधून स्वेटर निघाले. संगणकावर बसणाऱ्या रुपालीताईंनी टेबलाखाली हीटर आणला. हीटरने हॉल तापला की एसी आणखी जोर करी, मग शेजारच्याला हुडहुडी भरे आणि तोही हीटर आणी. महिनाभरात पाच झाले.

"काऊन जी रुपालीबाई," अंजनाबाईंनी झाडता झाडता विचारलं, "वरून गार करून राह्यले, खालून गरम करून राह्यले. कोणासाठी?"

रुपालीताईंनी शाल सावरली आणि हीटर पायाजवळ ओढला.

विजेचा खप वाढला तसं बचतीचं परिपत्रक निघालं. जिन्यातला दिवा बंद झाला. एसीबद्दल त्यात अक्षर नव्हतं. अंजनाबाई थेट साहेबांच्या दारात गेल्या.

"साहेब, तुमी कोट काढून पाहा ना जी."

"बाई, पदाची काही शोभा असते," साहेब म्हणाले.

पुढच्या मेच्या आरंभी कॉम्प्रेसर जळला. नवा यायला पाच आठवडे लागणार होते. बंद काचेत हॉलची भट्टी झाली. दुसऱ्या दिवशी आमचे वयस्क हेडक्लार्क भैयाजी भोवळ येऊन पडले. त्यांच्या तोंडावर पाणी मारून अंजनाबाई उठल्या आणि बिरजू इलेक्ट्रिशियनला घेऊन भंगारखोलीत गेल्या. संध्याकाळपर्यंत सहा कूलर सुरू झाले.

"समोरची खिडकी खोल, बिरजू. हवा आली त तिले जायले वाट पायजे नाई का?"

बिरजूने स्क्रू काढले. जुन्या इमारतीतून उभे पंखे आले. मग अंजनाबाईंनी एकेकाला विचारून टेबलं सरकवली. ज्याला वारा हवा तो जवळ, ज्याची मान धरते तो लांब. साहेबांनी पहिल्या दिवशी कोट काढला, चौथ्या दिवशी टाय. भिंतीवरचं तापमापक तीस दाखवत होतं आणि वर्षात पहिल्यांदा कोणी कुरकुरत नव्हतं. मी स्वतः तेव्हा महिन्याचं काम तीन आठवड्यांत संपवलं.

जूनमध्ये मेचा आकडा आला. खप गेल्या मेच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. मोठ्या कचेरीतून तपासणीला दोन अधिकारी आले. त्यांनी एक दिवस कागद चाळले आणि निष्कर्ष लिहिला: मीटर सदोष. युनिटं मागच्या सरासरीने धरावीत.

साहेबांनी खाली सही केली. फरशी पुसणाऱ्या अंजनाबाई उभ्या राहिल्या.

"साहेब, मीटर बेस होतं. तुमी सोता बसले होते ना जी कूलरपुढे!"

"बसलो होतो," साहेब हळूच म्हणाले. "पण कागदावर ते कूलर नाहीतच, बाई. गेल्या वर्षीच भंगारात गेले."

अंजनाबाईंनी फडकं पिळलं. मग बादली उचलून बाहेर गेल्या. त्या आठवड्यात त्यांनी काम सोडलं.

कॉम्प्रेसर आला, आधीपेक्षा मोठा. खिडक्या पुन्हा आवळल्या, नवं मीटर बसलं. ऐन पावसाळ्यातही पुढच्या महिन्यात खप तिप्पट निघाला, तेव्हा साहेबांना हायसं वाटलं. मीटर दुरुस्त झालं होतं.

अंजनाबाई ब्रह्मपुरीत एका मंगल कार्यालयात लागल्याचं पुढे कळलं. तिथला मालक त्यांना विचारल्याशिवाय खुर्च्या मांडत नाही म्हणे.